घरटी एक

गांवांत बांध फुटला, विहिरीचा गाळ काढावयाचा झाला किंवा देवळाच्या उत्सवाची तजवीज करावयाची आली, म्हणजे पूर्वीं दवंडी पिटली जात असे ती 'घरटी एक माणूस' ह्या शब्दांनीं. घरांत माणसें दोन असोत कीं बारा, चावडीवर यावयाचें तें एकानें. ह्या लहानशा शब्दप्रयोगांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घरचा एक म्हणजे कोण? कर्ता पुरुष, कीं त्या दिवशीं रिकामा सांपडलेला धाकटा भाऊ? आणि तो जें बोलून येईल तें घराचें बोलणें समजावयाचें, कीं त्याचें एकट्याचें? आमंत्रणाच्या बाबतींत तरी आमच्या वाडवडिलांनीं हा घोळ ओळखला होता असें दिसतें. म्हणूनच 'घरटी एक' आणि 'चूलबंद' हे आमंत्रणाचे दोन निराळे प्रकार त्यांनीं मानले, आणि एकाच्या जागीं दुसरें गेलें तर सोयऱ्याधायऱ्यांत वर्षानुवर्षें अबोला धरला जाई.

हाच प्रश्न आज संगणकावर संख्याशास्त्राचें काम करणाऱ्या मंडळींपुढें दिवसांतून दहा वेळां उभा राहतो, व तितक्याच वेळां तो न दिसतां निघून जातो. ह्या धंद्याशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं थोडें स्पष्टीकरण केलें पाहिजे. त्यांच्या कामाचें मूळ द्रव्य म्हणजे कोष्टक. कोष्टकाच्या प्रत्येक ओळींत एक माणूस, एक झाड, एक दिवस किंवा एक व्यवहार. आणि उभ्या रकान्यांत त्याचें वय, उंची, उत्पन्न, जें असेल तें. ह्या ओळी एखाद्या रकान्याच्या आधारें वेगवेगळ्या केल्या, म्हणजे घराघरानें, गांवागांवानें वा जातीजातीनें मांडल्या, कीं त्यांचे गट पडतात. मग आज्ञा दिली जाते: प्रत्येक गटांतून एक ओळ काढ, पहिली काढ, सर्वांत मोठी काढ, किंवा चिठ्ठी टाकून कोणतीहि काढ. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रचलेली 'आर' नांवाची भाषा आणि 'पायथन' भाषेंतील 'पांडाज' हा संच, हीं ह्या कामाचीं आजचीं दोन मुख्य साधनें होत. लाखों ओळींतून अशी निवड करावयास त्यांस एक पळहि पुरतें.

इतक्या झपाट्यानें होणारें काम कारकुनीच असलें पाहिजे असा समज होणें स्वाभाविक आहे. आमचा मात्र तसा समज नाहीं. प्रत्येक गटांतून एकास पुढें बोलाविणें म्हणजे उरलेल्यांस गप्प बसविणें होय. असें गप्प बसविणें कित्येकदां न्याय्य असतें, क्वचित् आवश्यकहि असतें. परंतु तें कोणत्या नियमानें झालें, हें निवडणारास सांगतां येऊं नये ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते.

प्रथम निरुपद्रवी असें एक उदाहरण घेऊं. आर भाषेबरोबर एक कोष्टक आयतेंच मिळतें. आयरिस ह्या फुलाच्या तीन जाती, प्रत्येक जातीचीं पन्नास फुलें, एकूण दीडशें ओळी. मोजमापें एडगर अँडरसन ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचीं, आणि १९३६ सालीं तीं प्रसिद्धीस आणलीं रोनाल्ड फिशर ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानें. (ज्या नियतकालिकांत तीं आलीं त्याचें नांव 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'. चांगलीं माणसें निवडून मनुष्यजात सुधारावी असें म्हणणाऱ्या पंथाचें तें पत्र. फुलें मोजण्याची विद्या आणि माणसें निवडण्याची हांव त्या काळीं एका मुखपृष्ठाखालीं सुखानें नांदत होतीं, हें जातां जातां नमूद केलेलें बरें.) आतां ह्या कोष्टकास असें विचारूं कीं, प्रत्येक जातींतील सर्वांत लांब पाकळीचें फूल कोणतें? व्हर्सिकलर व व्हर्जिनिका ह्या दोन जातींविषयीं अडचण नाहीं. प्रत्येकींत एकेक फूल नि:संशय पुढें आहे. सेटोसा जातींत मात्र सर्वांत लांब पाकळी १.९ सेंटिमीटरांची, आणि ती दोन फुलांची आहे: पंचविसाव्या ओळींतील एक, पंचेचाळिसाव्या ओळींतील दुसरें.

येथें त्याच भाषेंतील दोन आज्ञा दोन उत्तरें देतात. जुनी आज्ञा सर्वांत मोठी संख्या प्रथम जेथें आढळते ती ओळ उचलते व थांबते. म्हणजे पंचविसावें फूल निवडलें जातें, पंचेचाळिसावें जणूं नव्हतेंच. 'डीप्लायर' ह्या संचांत २०२० सालीं आलेली नवी आज्ञा, आपण तिला निराळें न सांगितल्यास, बरोबरी झालेल्या सर्वांस उभें करते. तेव्हां तीन गटांतून 'एकेक' मागितलें असतां हातांत चार ओळी येतात. दोहोंपैकीं चूक कोणतीच नाहीं. एकीनें संख्येचा शब्द पाळला, दुसरीनें समतेचा. परंतु पहिलीनें पंचविसाव्या फुलास जो मान दिला तो कोणत्या गुणाबद्दल? पंचेचाळिसावें फूल इतर तिन्ही मापांत, म्हणजे बाह्यदलाच्या लांबींत, रुंदींत व पाकळीच्या रुंदींतहि, त्याच्याहून मोठें आहे. पंचविसाव्याचा गुण एवढाच कीं त्याची ओळ आधीं लिहिली गेली.

फुलास ह्याचें सुखदुःख नाहीं. पण फुलांच्या जागीं विद्यार्थी आणि जातींच्या जागीं शाळा घातल्या, व प्रत्येक शाळेंतील पहिल्या मुलास एक शिष्यवृत्ति ठेवली, म्हणजे ह्या दोन आज्ञांतील फरक कोणाच्या तरी घरीं जाऊन पोंचतो. यादी नांवांच्या अकारविल्हेनें लावलेली असेल तर सारखेच गुण मिळविलेल्या अनंत व हरी यांपैकीं शिष्यवृत्ति अनंतास मिळेल. आणि हरीच्या बापानें कारण विचारल्यास त्याला सांगावयास खरें कारण एकच राहील, तें म्हणजे बारशाच्या दिवशीं झालेली निवड. असें कारण तोंडानें सांगण्याची कोणाची छाती होणार नाहीं. आज्ञावलीच्या पोटांत मात्र तें खुशाल राहूं शकतें, कारण तेथें कारण विचारण्याचा प्रघातच नाहीं.

'पहिला' ह्या शब्दाची हीच गोम आहे. पहिला म्हणजे कोणत्या क्रमानें पहिला? मोठाल्या कोठारांतून माहिती काढून देणाऱ्या 'पोस्टग्रेस' नांवाच्या साधनांत प्रत्येक गटाची एकच ओळ ठेवण्याची सोय आहे. परंतु क्रम सांगितला नसेल तर कोणती ओळ हातीं येईल ह्याचा भरंवसा नाहीं, असें त्याच्या माहितीपुस्तकांत स्वच्छ लिहिलेलें आहे. 'मायएस्क्यूएल' ह्या दुसऱ्या साधनाची रीत पूर्वीं याहून सैल होती. गट पाडून, ज्या रकान्याविषयीं कांहींच नियम सांगितला नाहीं तोहि मागितला, तर तें गटांतल्या कोणत्या तरी एका ओळींतली किंमत हातांवर ठेवीत असे, आणि तक्रार म्हणून करीत नसे. २०१५ सालीं बाहेर पडलेल्या त्याच्या आवृत्तीपासून असा प्रश्न तें मूळच्या मांडणींत नाकारतें. कोणती हवी तें सांगा, नाहींतर देत नाहीं, असा त्याचा बाणा झाला. उत्तर देण्यापेक्षां न देण्यांत अधिक सचोटी असते असे प्रसंग माणसांच्या व्यवहारांत पुष्कळ येतात. यंत्रास तो धडा शिकविणाऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतों.

याच्याहि पुढची एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. पांडाजमध्यें गटांतील 'पहिलें' मागण्याचा जो एक मार्ग आहे तो पहिली ओळ देतच नाहीं. तो प्रत्येक रकान्यांत खालीं उतरत जातो आणि जेथें प्रथम कांहीं भरलेलें सांपडेल तें उचलतो. समजा, एका घरांत आजोबांचें वय लिहिलें आहे पण शिक्षण लिहिलेलें नाहीं. मुलाचें शिक्षण आहे पण उत्पन्न नाहीं. सुनेचें उत्पन्न तेवढें आहे. तर त्या घराची जी 'पहिली' ओळ तयार होते तिच्यांत वय आजोबांचें, शिक्षण मुलाचें व उत्पन्न सुनेचें! शाहात्तर वर्षांचा, पदवी घेतलेला आणि शाळेंत शिकवून पगार आणणारा असा हा गृहस्थ त्या घरांतच काय, पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि नाहीं. तरीहि तो पुढच्या गणितांत माणूस म्हणून मोजला जाईल. खरी पहिली ओळ देणारे दुसरे मार्ग त्याच संचांत आहेत. फरक एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द घाईंत चुकावा इतका सारखा आहे.

आणि ज्यांचा गटच ठाऊक नाहीं त्यांचें काय? कोष्टकांत अशा ओळी नेहमींच असतात. घरक्रमांकाचा रकाना रिकामा, पण बाकी माणूस पुरता. पांडाज गट पाडतांना, उलट सांगितलें नसेल तर, ह्या ओळी गाळून टाकतें. डीप्लायर त्या गाळत नाहीं, पण त्या सगळ्यांचा मिळून एक गट करतें. म्हणजे बेघर माणसें एकांत नाहींशीं होतात, आणि दुसऱ्यांत तीं सर्व मिळून एक कुटुंब होतात, व त्या कुटुंबातर्फेंहि मग 'घरटी एक' ह्या न्यायानें कोणी तरी एक बोलावयास उभा केला जातो. दोन्ही खोटें. तरीहि ह्यांपैकीं कोणतें तरी एक घडल्याखेरीज यंत्र पुढें सरकत नाहीं, आणि आपण कांहीं बोललों नाहीं तर तें आपल्या वतीनें बोलून टाकतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, एवढा खल कशाला? एक ओळ न निवडतां साऱ्या घराची सरासरी काढा, म्हणजे कोणावरच अन्याय नको. ही सूचना वरकरणीं उदार दिसते. परंतु सरासरीचा माणूस हा वर सांगितलेल्या जोडगृहस्थाचा सख्खा भाऊच होय. दोघे उपाशी व दोघे अतितृप्त असे चौघे ज्या घरांत आहेत त्या घराची सरासरी 'पोटभर जेवलेला' अशी येते. निवडलेली ओळ एकाची कां होईना, पण कोणाची तरी साक्ष असते. तिला उलटतपासणी घेतां येते. सरासरीला घेतां येत नाहीं. म्हणून निवडीपासून पळ काढण्यांत अर्थ नाहीं. निवड करावीच लागते, आणि ती कोणत्या आधारावर करावी हा प्रश्न तेथेंच उभा राहतो.

एक जुनें उत्तर असें कीं, घराचा प्रमुख निवडावा. खानेसुमारीच्या व पाहण्यांच्या कोष्टकांत कुटुंबप्रमुखाची ओळ बहुधा सर्वांत वर असते. तेव्हां प्रत्येक घराची पहिली ओळ घेणें आणि प्रमुखाची ओळ घेणें ह्या दोन गोष्टी एकच होऊन बसतात. पण प्रमुख कोणास म्हणावें हें सुद्धां कोणी तरी ठरविलेलेंच असतें. अमेरिकेच्या खानेसुमारींत १९७० पर्यंत नवराबायको एकत्र राहात असतील तर प्रमुख नवराच, असा दंडक होता. पगार कोणाचा आणि घर कोणाच्या नांवावर, ह्याची विचारपूस नसे. १९८० सालच्या गणनेंत 'प्रमुख' हा शब्दच काढून टाकण्यांत आला. त्यापूर्वींच्या कोष्टकांतून जो कोणी घरटी पहिली ओळ उचलील आणि वर 'अमेरिकन कुटुंबांचें शिक्षण' असें शीर्षक देईल, तो बव्हंशीं नवऱ्यांचें शिक्षण मांडीत असेल. त्याच्या बेरजा तंतोतंत बरोबर असतील. खोटें असेल तें फक्त शीर्षक.

दुसरें उत्तर अधिक सुशिक्षित आहे: जो सर्वांत प्रातिनिधिक दिसेल तो निवडावा. ह्या उत्तराची परीक्षा इटलींत झालेली आहे व ती स्मरणांत ठेवण्याजोगी आहे. १९२१ च्या इटालियन खानेसुमारीचे मूळ कागद नव्या गणनेसाठीं जागा करावी म्हणून हालवावयाचे होते. त्यांतील कांहीं नमुन्यादाखल राखावे असें ठरलें. कोर्राडो जिनी व लुइजी गाल्वानी ह्या दोघां नामांकित संख्याशास्त्रज्ञांनीं देशाच्या २१४ विभागांतून २९ विभाग विचारपूर्वक वेंचले. आणि ते असे वेंचले कीं कित्येक प्रमुख बाबींत त्यांची सरासरी साऱ्या देशाच्या सरासरीशीं जुळावी. ती जुळलीहि. पुढें ज्या बाबी डोळ्यांपुढें ठेवून निवड केली नव्हती त्या ताडून पाहिल्या, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं मेळ बसेना. आणि ज्या बाबींच्या सरासऱ्या जुळविल्या होत्या त्यांतहि माणसांमाणसांतला फरक, म्हणजे कोण किती वर व कोण किती खालीं हें, जुळेना. जाणत्यांनीं, सद्हेतूनें, आपणांस ठाऊक असलेल्या गोष्टींकडे पाहून निवडलें. निसटलें तें सारें ठाऊक नसलेलें.

१९३४ सालीं येर्झी नेमन ह्या पोलिश संख्याशास्त्रज्ञानें लंडन येथें वाचलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत हेंच उदाहरण घेऊन दाखविलें कीं, जाणत्याच्या पसंतीपेक्षां गट पाडून प्रत्येक गटांत चिठ्ठी टाकणें हाच भरंवशाचा मार्ग होय. आणि कोणत्या गटांतून किती ओळी घ्याव्या ह्याचें गणितहि त्यानें दिलें. गट मोठा असेल तर अधिक घ्याव्या हें कोणीहि सांगेल. परंतु गटांतलीं माणसें परस्परांपासून जितकीं भिन्न तितक्या अधिक घ्याव्या, हें त्याचें म्हणणें आम्हांस विशेष मार्मिक वाटतें. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती खरी ठरते, कारण भात ढवळलेला व एकसारख्या आंचेवर शिजलेला असतो. ज्या भांड्याचा तळ करपला आहे व वरचा थर कच्चा आहे त्याला एक शीत पुरत नाहीं. पण भांडें कसें शिजलें आहे हेंच आधीं ठाऊक नसेल तर? ह्या पुढच्या प्रश्नावर, म्हणजे गटांतला भेद आधीं थोडीशीं माणसें पाहून अंदाजानेंच ठरवावा लागला तर नेमनचा नियम कितपत टिकतो ह्यावर, १९३५ सालीं ज्या तरुणानें लंडनमध्यें निबंध लिहिला तो सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हें त्याचें नांव पुढें जगांतील अन्नाच्या व कुपोषणाच्या चर्चेंत सर्वतोमुखी झालें. पण त्या चर्चेच्या मुळाशीं असलेला हा तरुणपणचा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं.

चिठ्ठीचा न्याय आपल्या देशास नवा नाहीं. तामिळनाडूंतील उत्तरमेरूर येथें चोल राजा पहिला परांतक याच्या वेळचे, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धांतले शिलालेख आहेत. गांवाचे तीस वाडे पाडावे, प्रत्येक वाड्यांतील पात्र पुरुषांचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहावीं, तीं घागरींत घालावीं, आणि कांहीं न कळणाऱ्या लहान मुलाच्या हातून वाड्यागणिक एक तुकडा काढवावा, अशी सभासद निवडण्याची व्यवस्था त्यांत कोरलेली आहे. पूर्वीं काम पाहून ज्यांनीं हिशेब दिला नाहीं त्यांना, व त्यांच्या नातलगांनाहि, त्यांत बंदी आहे. हजार वर्षांपूर्वींची ही आज्ञावली आजच्या कित्येक आज्ञावल्यांहून नेटकी म्हटली पाहिजे. क्रम नाहीं, वशिला नाहीं, निवडणाराची आवडनिवड नाहीं. तथापि त्याच लेखांत असेंहि आहे कीं घागरींत नांव पडावयाचें तर वय पस्तिसापासून सत्तरापर्यंत असावें, सारा देणारी जमीन असावी, वेदाध्ययन झालेलें असावें. मूल निःपक्षपाती खरें, पण तें निःपक्षपाती कोणांमध्यें? घागरींतल्या ताडपत्रांमध्यें. स्त्रिया, भूमिहीन व शेतांत राबणारे यांचें पत्रच लिहिलेलें नाहीं. त्यांच्यापर्यंत मुलाचा हात पोंचणार कसा? संगणकाच्या चिठ्ठीसहि ही मर्यादा आहे. (तिला आणखी एक खोड आहे. संगणकाची चिठ्ठी एका बीजसंख्येवरून निघते. बीज तेंच ठेवलें तर चिठ्ठी तीच निघते, त्यामुळें दुसऱ्यास पडताळा घेतां येतो. हा मोठाच गुण. पण मनाजोगती चिठ्ठी निघेपर्यंत बीजें बदलीत बसणाऱ्यास त्या गुणाचाच आडोसा मिळतो.)

घराच्या उंबऱ्यावर हा न्याय आणला तो लेस्ली कीश यानें. हा मूळचा हंगेरियन, अमेरिकेंत वाढलेला, स्पेनच्या यादवी युद्धांत लोकपक्षाच्या बाजूनें लढून आलेला संख्याशास्त्रज्ञ. त्याच्यापुढें अडचण होती ती रोजची होती. पाहणी करणारा दार ठोठावतो. दार उघडतो तो त्या वेळीं घरांत असणारा. आणि सोयीचें म्हणून प्रश्न त्यालाच विचारले जातात. अशानें देशाचें मत म्हणून जें पुढें येतें तें दुपारीं घरीं असणाऱ्यांचें मत असतें. १९४९ सालीं कीशनें एक साधी रीत प्रसिद्ध केली. घरांतील प्रौढ माणसें ठराविक क्रमानें लिहून काढावीं. प्रत्येक प्रश्नावलीवर आधींच छापलेल्या तक्त्यांत, घरांत इतकीं माणसें असतील तर इतकाव्या क्रमांकाचें माणूस, असें ठरवून दिलेलें असावें. त्याच माणसास विचारावें, तें घरीं नसेल तर पुन्हा यावें. तक्ते निरनिराळे असल्यामुळें एकंदरींत घरांतल्या प्रत्येकास सारखी संधि मिळते. विचारणाराच्या हातीं कांहीं राहात नाहीं.

परंतु घरांत सारखी संधि म्हणजे देशांत सारखी संधि नव्हे, आणि आमच्या मतें ह्या साऱ्या विषयाचें हृदय येथें आहे. दोन घरें घ्या. एकांत एकटी विधवा, दुसऱ्यांत पांच प्रौढ माणसें. घरटी एक ह्या न्यायानें दोन माणसें निवडलीं. विधवा निश्चितच आली, दुसऱ्या घरांतून पांचांतून एक आला. जशाचें तसें मोजलें तर निम्में जग एकाकी आहे असें निघेल. खरें पाहतां सहांत एक एकाकी आहे. म्हणून दुसऱ्या घरांतून आलेल्याच्या ओळीस पांचाचा भार द्यावा लागतो. तो स्वतःपुरता बोलत असला तरी हिशेबांत त्याच्या पाठीवर न बोललेले चौघे बसलेले असतात. निवड झाली कीं आज्ञावलींतून गट पुसले जातात, आणि कोणत्या घरांत किती जण होते हा आंकडा त्यांबरोबरच जाऊं शकतो. तो गेला कीं भार देण्याची सोय राहात नाहीं, आणि निवडलेले आपापल्या एकाच वजनानें बोलूं लागतात. ओळ निवडण्यापूर्वीं गटाची संख्या लिहून ठेवणें ही चार अक्षरांची आज्ञा आहे. ती देणारा आणि न देणारा ह्यांच्या विद्वत्तेंत फरक नसतो. न निवडलेल्यांविषयीं त्यांस काय वाटतें, त्यांत असतो.

येथवर आम्ही 'घरटी एक' ह्या पद्धतीकडे बहुतांशीं संशयानेंच पाहात आलों. तिची दुसरी बाजू आपल्याच देशांतल्या एका पाहणींत पाहावयास मिळते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखालीं देशभर होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत स्त्रियांस घरांतल्या मारहाणीविषयींहि विचारलें जातें. २००५–०६ च्या तिसऱ्या पाहणींत हे प्रश्न घरांतील एकाच स्त्रीस विचारावयाचे, व ती कोणती हें कीशच्या धर्तीच्या तक्त्यानें ठरवावयाचें, असा नियम होता. अशा पाहण्यांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेले नीतिनियम त्याच्या मागें आहेत. कारण उघड आहे. सासूलाहि विचारलें, दोन्ही सुनांनाहि विचारलें, तर कोणी काय सांगितलें असेल ह्याचा तर्क त्याच रात्रीं त्याच स्वयंपाकघरांत सुरू होईल, आणि विचारणारी बाई गांव सोडून गेल्यावर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागेल. येथें सर्व ओळी घेणें हाच अपराध आहे. एकीलाच विचारणें ही घाई नव्हे, आळस नव्हे. ती राखण आहे.

तरीहि त्या घरांतल्या दुसऱ्या सुनेला कोणी विचारलें नाहीं, हें उरतेंच. हिशेब पुरा करण्यासाठीं निवडलेल्या जावेस दोघींतिघींचा भार दिला जाईल, आणि राज्याचा आंकडा बरोबर निघेल. पण भार दिल्यानें संख्या भरून निघते, सांगणें भरून निघत नाहीं. जी निवडली गेली तिच्यावर कदाचित् कधीं हात उगारला गेला नसेल, आणि जी निवडली गेली नाहीं तिच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असेल; किंवा उलट. लाखों घरांत ही उलटापालट एकमेकींस खाऊन टाकते व म्हणूनच आंकडा खरा ठरतो, असें गणित सांगतें, व तें खरेंच आहे. एका घरांत ती कोणाला खाऊन टाकते, हें गणिताच्या कक्षेंतलें नाहीं. येथें दोन न्याय समोरासमोर येतात: प्रत्येकीला बोलावयास मिळावें हा एक, आणि बोलल्याबद्दल कोणी मार खाऊं नये हा दुसरा. आम्हीं बराच विचार करून पाहिला. दोन्ही एकदम पाळतां येतील असा मार्ग आम्हांस दिसला नाहीं, आणि एकच पाळावयाचा तर दुसरा पाळणें बरोबर, असेंच आमचें मत झालें आहे.

ह्या पाहणीच्या कोष्टकांत एक गोष्ट मात्र फार जपून केलेली आहे. ज्या स्त्रियांचीं ह्या प्रश्नांचीं उत्तरें नाहींत त्यांच्या ओळींत केवळ रिकामी जागा सोडलेली नाहीं. निवडलीच गेली नाहीं, निवडली व बोलली, निवडली पण एकांत मिळाला नाहीं, अशा निरनिराळ्या नोंदींसाठीं एक स्वतंत्र रकानाच ठेवलेला आहे. एकांत मिळाला नाहीं तर विचारूंच नये, असा विचारणारीस नियम होता. कोष्टक उघडून काम करणारा बहुधा पहिल्या दमांतच बोललेल्यांच्या ओळी ठेवतो व बाकीच्या एका आज्ञेनें गाळतो. त्यावांचून त्याला पुढचें गणित करतांच येत नाहीं. गाळण्यापूर्वीं त्या तिसऱ्या नोंदीच्या ओळी किती आहेत हें त्यानें एकदां मोजून पाहावें. त्या घरीं विचारणारी बाई गेली होती, चिठ्ठी त्या स्त्रीच्याच नांवाची निघाली होती, आणि दोघींना एकट्यानें बसावयास घरांत जागा मिळाली नव्हती.